अस्वल कोणावर सोडायचं

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. गच्चीवर ऊन लागत होतं म्हणून चटई जिन्याच्या सावलीत ओढली होती. मी शेंग सोलतो ती जोर लावून, दाणे कुठल्या कुठे उडतात. प्रमिला शेंगेच्या शिरेवर अंगठा दाबायची, शेंग आपणहून तोंड उघडायची. लग्न झाल्यापासून ती मला तसं सोलायला शिकवत होती आणि मी शिकलो नाही.

अर्धं पातेलं सोले झाले तेव्हा ती म्हणाली, "परवा अस्वल कोणावर सोडू?"

मी म्हणालो, "सोड कोणावर बी. मले काय विचारतं?"

"परवा येता का खेळाले?"

"पाहू."

तिनं टरफलं सुपात भरली आणि खाली शेजारच्या लतीफच्या बकरीला टाकायला गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. शनिवारी सकाळी नळ आला. तिनं नळाखाली पाणी भरायचा गुंड लावला, शेजारी पाटावर बसली आणि बसल्या जागी गेली. पाणी गुंडातून वाहून न्हाणीबाहेर आलं म्हणून मी आत पाहायला गेलो.

भेटायला येणारे विचारायचे, शेवटचं काय बोलल्या? मी खरं ते सांगायचो, अस्वलाचं विचारत होती. लोक एकमेकांकडे पाहायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा भ्रमला. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

माझी बायको प्रमिला दर रविवारी दुपारी राक्षस व्हायची. कधी अस्वल, कधी तरस, कधी चोरांचा सरदार. बुटकी, अंगानं भरलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, केसाला खोबरेल. पाहणाऱ्याला वाटावं ही बाई वाती वळायला बसली आहे. पण ती बोलायला लागली की लतीफसारखा सहा फुटी माणूस खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा.

आमच्या वरच्या खोलीत दोन पोरी राहतात. ऋतुजा नांदगाव खंडेश्वरची, घरी शेती. समीना अकोल्याच्या जुन्या शहरातली, तिच्या वडिलांचं कुलपांचं दुकान आहे. लतीफ शिंपी माझा शेजारी आणि दोस्त. समीना त्याच्या बहिणीची मुलगी. त्याच्या घरात मशिनी, कापड आणि माणसं इतकी की पोरीला पुस्तक उघडायला कोपरा नाही, म्हणून ती आमच्याकडे. दोघी राजापेठेत डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जातात. सहा दिवस मान मोडून अभ्यास आणि रविवारी दुपारी खेळ.

या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण मास्टर होतो. तो सांगतो की तुम्ही जंगलात आहात, समोर पडकं देऊळ आहे, आतून कसला तरी आवाज येतो आहे. बाकीचे एकेक माणूस बनतात आणि सांगतात, मी आत जातो, मी झाडावर चढतो. ते जमलं की नाही हे वीस तोंडांचा फासा सांगतो. आकडा मोठा आला तर जमलं. आणि अंगावर येणारं जे काही असेल ते कोणावर धावून जाईल, हे मास्टर ठरवतो. सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

आधी मास्टर समीना होती. क्लासच्या दोन मैत्रिणी यायच्या. एका रविवारी प्रमिला भज्यांची ताटली घेऊन वर गेली तेव्हा समीना सांगत होती की अस्वल पळत येतं आणि झाडावर बसलेल्या ऋतुजाला ओढतं. प्रमिला दारातच थांबली.

"अवं, अस्वल असं नाई करत."

"मग कसं करते, आजी?"

"समोर दिसन त्याच्या तोंडाले झोंबते. दोन पायांवर उभं राह्यते अन् आधी तोंड. आमच्या गावचा गुराखी पाह्यला मी. अर्धं तोंड नव्हतं बापा त्याले."

तिचं माहेर अकोटकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिच्या लहानपणी तिथं अस्वलं बोरं खायला खाली यायची.

"अन् बिबट?"

"बिबट पाह्यते मागं कोण राह्यलं. रानडुक्कर सरळ येते, मधात आला तो गेला. सापाले कोणाशीच घेणंदेणं नाई. पाय देसान तर चावन."

भजी थंड झाली. पुढच्या रविवारी समीनानं मास्टरची जागा तिला दिली आणि स्वतः जादूगारीण झाली.

मी मोटार वाइंडिंगचं काम केलं जन्मभर. शाळा सातवीपर्यंत. मला हा पोरखेळ वाटला आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. पण रविवारी दुपारी पाचही जणी खोली बंद करून बसायच्या आणि मला चहा विचारायला घरात कोणी उरायचं नाही. म्हणून मी म्हणालो, खालीच खेळा, मीही बसतो. मग लतीफलाही ओढून आणलं. त्या दोन मैत्रिणी पुढं नागपूरला गेल्या आणि आम्ही पाचच राहिलो. मी पहिलवान. लतीफ हकीम, कोणाला लागलं की तो मलम लावणार. ऋतुजा तिरंदाज. फासा सारखा खाटेखाली जायचा म्हणून प्रमिलानं पितळी परात आणून मधे ठेवली. फासा परातीत टाकायचा. ठणठण आवाज व्हायचा. समोरच्या बाईनं एकदा विचारलं, तुमच्याकडे दर रविवारी कसली पूजा असते?

आता प्रमिलाची मोठी चूक सांगतो. पहिलं वर्षभर तिचा प्रत्येक राक्षस माझ्यावरच यायचा.

तरस आलं, पहिलवानाला चावलं. भूत आलं, पहिलवानाच्या मानेवर बसलं. एकदा गिधाडांचा थवा आला. ऋतुजा उघड्या माळावर उभी, मी गुहेत आत, तर गिधाडं गुहेत शिरली. लतीफचा हकीम मला मलम लावून थकला. तो हसून म्हणायचा, "भाऊ, भाभीचा जुना राग निघून राह्यला. लग्नाच्या टायमाले तू काय केलं होतं?"

समीना हुशार आहे. ती म्हणाली, "आजी, दुश्मनाला अक्कल असेल तर तो पहले हकीमाला मारेल. हकीम गेला की सगळे गेले."

प्रमिलानं कपाळावर आठ्या घातल्या. "घरी आलेल्या माणसावर वार करू मी? चहा पाजू अन् मारू?"

"आजी, हा खेळ आहे."

"खेळ असो नाई तं काई बी असो. माह्या घरात बसले ना तुमी. हे घरचे हायत, याईले खपते."

आमच्याकडे पंगतीत घरच्या माणसाला शेवटी वाढतात. फुटकी भाकर, भांड्याच्या तळाची भाजी, मोडका पाट, सगळं घरच्याच्या वाट्याला. त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. तिनं राक्षसही त्याच हिशेबानं वाढला. मला राग येत नव्हता असं नाही. पण समजत होतं.

समजलं नाही ते ऋतुजाला. एका रविवारी तिनं फासा परातीत न टाकता मुठीत धरून ठेवला. "आजी, आमच्यावर बी सोडा ना कोणी. आमी काय दाखवाले बसलो का? आबाजी मरते अन् आमी पाह्यतो. मले मजा नाई येऊन राह्यली."

प्रमिलाचं तोंड पडलं. तो रविवार तसाच गेला. पुढचे चार दिवस ती घरात काम करता करता थांबायची. बुधवारी कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "अंगणवाडीत एक पोट्टं दुसऱ्याले चावलं ना, का सगळे चावलेल्याले जवळ घेत. मी चावणाऱ्याले आधी विचारत जाओ, भूक लागली का तुले? भेव लागलं का? अर्ध्या वक्ताले तेच निंघे."

तीस वर्षं ती अंगणवाडीत सेविका होती. ओला सदरा तसाच हातात धरून म्हणाली, "मी खेळणाऱ्याईचे तोंडं पाह्यत होती. राक्षसाले तं विचारलंच नाई कधी."

तेव्हापासून तिची रीत बदलली. रविवारी जेवण झालं की ती स्वयंपाकघरात पाटावर डोळे मिटून बसायची. ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, "देवाचं करून राह्यली का?"

"नाई. तरसाचं करून राह्यली. त्याले काय पाह्यजे ते पाहू द्या."

जनावराला भूक आहे की भीती, पिलं जवळ आहेत की जखम झाली आहे, हे ती आधी ठरवायची आणि मग बाहेर येऊन बसायची. बसल्यावर बदलायची नाही. जनावर तोंड पाहून येत नाई, भूक पाहून येते, असं तिचं म्हणणं. ती कधी गुरगुरली नाही, हात वर केले नाहीत. हळू बोलायची. "आता ते थांबलं. वास घेऊन राह्यलं. ऋतुजा, तुह्या पिशवीत वाळलेलं मटण हाय ना वं?" आणि ऋतुजाचे डोळे मोठे व्हायचे.

पहिल्यांदा पाहुणीवर वार केला त्या दिवशीची गोष्ट. कोल्हे ऋतुजाच्या तिरंदाजावर तुटून पडले. फाशात मोठा आकडा आला. प्रमिलानं आकडा सांगितला आणि उठून आत गेली. आम्ही पाहतच राहिलो. ती वाटीत गूळ आणि शेंगदाणे घेऊन आली आणि ऋतुजासमोर ठेवून तिच्या दंडाला हात लावून विचारते, "लय लागलं का वं?"

ऋतुजा हसता हसता आडवी झाली. संध्याकाळी तिनं वडिलांना फोन लावला, "बाबा, मले आज कोल्हे चावले!" ते बिचारे तिकडून इंजेक्शनचं विचारायला लागले.

ती सदा तिच्या नियमानं वागली असं मी म्हणणार नाही. क्लासच्या एका परीक्षेत ऋतुजा खाली गेली. वडिलांनी फोनवर काय म्हटलं ते तिनं सांगितलं नाही, पण रविवारी ती आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. त्या दिवशी बिबट होता आणि बिबट मागं राहिलेल्यावर जातो. सगळ्यांत मागं ऋतुजाच होती, खेळात लक्षच नव्हतं तिचं. बिबट तिच्यावर गेला. प्रमिलानं परातीत फासा टाकला, लगेच तळवा ठेवून झाकला, बोटांच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाली, "हुकला. झुडपात गेला."

मी शेजारीच बसलो होतो. वीस आले होते. विसाच्या वर आकडा नाही.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "खोटं बोलली तू."

"बोलली."

"मंग नेम कशाले करतं? आधी ठरवतो, मंग बदलवत नाई, मोठी सांगणारी."

ती परात पुसत होती. म्हणाली, "बिबटाले समजत नाई, पोरगी आधीच मार खाऊन आली ते. मले समजते ना."

मी म्हणालो, चहा कर.

गेल्या दिवाळीनंतर तिला जिना चढताना दम लागायला लागला. तिचा भाऊ तिला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. माझा गुडघा धरला होता, मी गेलो नाही. ती परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, गोळ्या दिल्या. अजून? म्हणाली, मीठ कमी खा. मी ते खरं धरलं. माझ्याशी ती कधी खोटं बोलत नाही, असं मला वाटायचं. बिबटाचं डोळ्यांनी पाहिलेलं असून वाटायचं.

त्यानंतरच्या रविवारपासून एकही राक्षस माझ्या पहिलवानावर आला नाही.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा नवल वाटलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम पुढं जाऊन उभा राहिलो, डुकराच्या वाटेत. तिच्याच तोंडचं, मधात आला तो गेला. तर ते डुक्कर वळलं! रानडुक्कर वळलं आणि समीनाच्या जादूगारणीवर गेलं. लतीफनं माझ्याकडे पाहिलं, मी लतीफकडे पाहिलं.

चौथ्या रविवारी चोरांचा सरदार होता. मी दारात ढाल घेऊन उभा. माझ्यामागं बाकीचे. सरदारानं मला वळसा घातला आणि लतीफच्या हकीमाला पाडलं. हकीम मरता मरता वाचला.

मी फासा परातीत आपटला. "मले काहून सोडतं तू?"

"सरदाराले अक्कल हाय. त्याले हकीम पाह्यजे."

"खोटं! महिनाभर पाहून राह्यलो मी. म्हातारा झालो म्हणून? गुडघा धरला म्हणून? कीव करतं का माह्यी?"

"बसा न अवो. पोरी पाहून राह्यल्या."

"पाहू दे. ज्याले माह्यी कीव येते त्याच्यासंगं मी खेळत नाई."

मी चपला घालून बाहेर पडलो. चौकातल्या चहाच्या कॅन्टीनवर जाऊन बसलो. पुढचे तीन रविवार मी तिथंच बसलो. दोन चहा प्यायचो, दुचाक्या मोजायचो आणि परातीचा आवाज थांबला असेल अशा वेळी घरी यायचो. ती विचारायची, जेवता का? मी म्हणायचो, वाढ. एवढंच. तीन रविवार. मला माहीत असतं तर, असं लोक म्हणतात. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. ती बोलायला यायची तर मी रेडिओचा आवाज मोठा करायचो. तो शुक्रवार त्यानंतरचा.

तेरवी झाली. विनोद, आमचा मुलगा, पुण्याहून आला होता. पोरगा वाईट नाही. त्यानं सगळं नीट केलं, पाहुण्यांचं केलं, माझ्या औषधांच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या. शनिवारी म्हणाला, "बाबा, इथे एकटे काय करणार? माझ्याबरोबर चला. सोमवारची तिकिटं काढली आहेत." वरच्या पोरींना त्यानं बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत दुसरी खोली बघा, घर बंद ठेवावं लागेल. दोघींनी मान हलवली. मी तिथंच खुर्चीत बसलो होतो. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. घर बंद काय आणि उघडं काय.

रविवारी दुपारी दोघी खाली आल्या. मागून लतीफ आला, टोपी हातात. समीनाच म्हणाली, "आबाजी, अस्वल अर्धंच राहिलं आहे. तेवढं संपवायचं का?"

मी म्हणालो, "मास्टर कोण?"

"मी आजीच्या जागी नाही बसत," समीना म्हणाली. ऋतुजानंही मान हलवली.

मग मी बसलो. ती बसायची त्या पाटावर, गुडघा सरळ करून. आकड्यांचं समीना सांगणार होती. मी विचारलं, कोण कुठं उभं आहे?

ऋतुजा म्हणाली, "अस्वल गुहेत हाय, पिल्लं हायत तिचे. मी झाडावर. हकीम खाली, झाडाच्या बुडाशी. समीना दगडामागं. अन् गुहेच्या तोंडाशी पहिलवान."

"पहिलवान? मी तं खेळतच नव्हतो."

"आजीनं त्याले काढलंच नाई. तीन रविवार तिथंच उभा ठेवला. म्हणे, येतीन ते."

मी परातीकडे पाहत राहिलो. लतीफनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

मग मी ठरवलं. कशाला लपवू, मला सुटका वाटली. अस्वल काय करतं ते मला ठाऊक होतं, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. समोर दिसेल त्याच्या तोंडाला झोंबतं. समोर पहिलवान होता. मी म्हणालो, "अस्वल बाहेर आली. दोन पायांवर उभी राह्यली. पहिलवानाच्या तोंडाले झोंबली." फासा टाकला. सतरा. "पडला," मी म्हणालो. "आता अजून एकदा. मंग संपला."

"थांबा!" ऋतुजा म्हणाली. "आमची पाळी हाय."

"काय करतं तू? बाण लागत नाई तिले, केस दाट हायत."

"बाण नाई मारत. मी झाडावरून उडी मारली. पहिलवानाच्या अन् अस्वलाच्या मधात." तिनं फासा टाकला आणि आकडा न पाहताच म्हणाली, "आता समोर मी हाव. अस्वल आता कोणावर जाते, आबाजी?"

"बाजूले हो पोरी."

"नाई होत."

"म्हाताऱ्याचा पहिलवान हाय तो. मेला तं मेला. तुह्या तिरंदाजाले दोन वर्षं झाले."

"आजी म्हणाली होती, तो उरला पाह्यजे." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तुमी रुसून गेले तवा आमी विचारलं आजीले, आबाजीले काहून सोडता? तं म्हणे, जंगलात सगळे मेले तरी चालते, एक जण माघारी गेला पाह्यजे, काय झालं ते गावात सांगाले. मी म्हटलं, मंग मी जातो. तं म्हणे, तू बरं तेवढं सांगशीन. याईले खोटं बोलता येत नाई, जसं होतं तसं सांगतीन. म्हणून हे उरले पाह्यजे."

विनोद स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभा होता, कधीपासून ते मला कळलं नाही.

लतीफ हळूच म्हणाला, "भाऊ, अस्वल खडी है अजून."

मला ते वळवता आलं असतं. प्रमिलानं रानडुक्कर वळवलं होतं, मी अस्वल वळवलं असतं तर कोण काय म्हणणार होतं. तळव्यानं फासा झाकता आला असता. पण त्या पोरीनं मधे उडी घेतली होती, आणि ते हुकलं म्हणून सांगणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "समोर तू हायस. अस्वल तुह्यावर आली." फासा टाकला. अठरा.

समीनानं कागदावर पाहिलं. "गेली," ती म्हणाली.

ऋतुजाचा तिरंदाज तिथं मेला. मग समीनानं मशाल फेकून अस्वल पिलांकडे परत पिटाळलं आणि लतीफच्या हकीमानं पहिलवानाला खांद्यावर घेतलं. लतीफ म्हणाला, "भारी हाय रे तू मेल्या." ऋतुजा रडत होती आणि हसतही होती आणि नाक ओढणीला पुसत होती. मी विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "लागनच."

संध्याकाळी विनोदनं माझी बॅग भरली. सदरे, औषधं, चष्मा, प्रमिलाचा फोटो टॉवेलात गुंडाळून. मी त्याला भरू दिली.

सोमवारी सकाळी ऑटो दाराशी आला. मी विनोदची बॅग उचलून ऑटोत ठेवली. तो म्हणाला, "बाबा, तुमची?"

"माह्यी राहू दे."

"बाबा, तिकीट काढलं आहे. इथे तुमचं कोण बघणार?"

"तुह्या मायले काय झालं होतं ते मी तिले विचारलं नाई," मी म्हणालो. "अकोल्याच्या डॉक्टरले जाऊन विचारतो आता. गावातल्या सगळ्याईले सांगतो, कशी होती, काय करे. रविवारी मले इथं बसावं लागते. तू ये मधातून मधातून."

तो वाकून पाया पडला आणि ऑटोत बसला. वळणापर्यंत त्यानं डोकं बाहेर काढून ठेवलं होतं.

मी जिना चढलो. एकेक पायरी, कठड्याला धरून. वरचं दार वाजवलं. समीनानं उघडलं, मागं ऋतुजा पुस्तकं खोक्यात भरत होती.

"खोक्यातले पुस्तकं काढ," मी म्हणालो. "खोली पाहाची नाई. ऋतुजा, तुहा तिरंदाज मेला, तू नवा माणूस बनव, रविवारच्या आत. अन् समीना, ते नियमाचं पुस्तक आण. मले पहिल्या पानापासून समजून सांग."

समीना पुस्तक घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो, गुडघा लांब करून. तिनं पान उघडून माझ्यापुढं धरलं. अक्षर बारीक होतं. चष्मा खाली बॅगेत होता. मी तो काढून आणायला खाली उतरलो.